दुसऱ्या कपाचं दूध

महाडच्या बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये जुनैदने काउंटरवर अंगावरचं दूध काढायच्या पंपांची तीन खोकी मांडली आणि रस्त्याकडे बघत बोलायला लागला. "हा हाताने दाबायचा. हा विजेचा, एका बाजूचा. आणि हे मोठं मशीन, दोन्ही बाजूंचं. हे भाड्याने मिळतं. कप-बाटल्या तेवढ्या नव्या घ्यायच्या." बिचाऱ्याचे कान लाल झाले होते. मला मात्र लाजायला वेळ नव्हता. मी एमआयडीसीतल्या लॅबमध्ये केमिस्ट आहे, दिवसभर मापंच घेते, आणि माझ्या अंगातून निघणारं दूध बाटलीचा तळसुद्धा झाकत नव्हतं.

चिमीचं वजन वाढत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या खेपेलाही काटा हलला नाही तर डब्याचं दूध सुरू करायचं. त्यात काही पाप नाही, कळतं मला. पण मला माझ्या पोरीला माझं दूध पाजायचं होतं, बस्स. एवढी एक हौस, तीच पुरी होत नव्हती. अळीव झाले, शतावरी झाली, डिंकाचे लाडू खाऊन खाऊन मीच लाडू झाले. "जितकं काढाल तितकं येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग मोठंच मशीन घेतलं. हाताच्या पंपाने मनगट गेलं असतं, आणि एकेक बाजू करत बसले असते तर चिमी उठली असती.

"आधीच्या ताईंनी लवकरच परत आणून दिलं," जुनैद पिशवी देताना म्हणाला. "का ते नाही सांगितलं."

पोलादपूरला घरी येऊन पिशवी उपसली तर तळाशी साखरेची पुडी. माझ्या सासूबाई, सुंदराबाई, खूश झाल्या. "शहाणी बाई हाय. कुनाची वस्तू रिकामी परत देऊ नये, मागं काय तरी ऱ्हातं."

"मुंग्या होतील," मी म्हटलं आणि पुडी फेकून दिली.

पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंना कप लावले. मशीन घुं-घुं करत राहिलं आणि दूध ढिम्म. रडू आलं, खरंच. मग एक युक्ती काढली. चिमीला डावीकडे पाजायचं, तेव्हाच उजवीकडे कप लावायचा. दुसरा कप माझ्या शेजारी, भिंतीकडच्या गादीवर पडलेला. तो असा उघडा राहिला तर हवा शिरते आणि मशीनची ओढ जाते, म्हणून त्याला बूच लावायचं असतं. मी विसरले. ओढ मात्र चांगली लागत होती.

चिमी झोपली तेव्हा मी डोळे उघडले. माझ्या बाटलीत चार थेंब. गादीवरच्या बाटलीत गळ्यापर्यंत दूध.

"नळीतून उलटं गेलं असेल गं," नवरा म्हणाला.

"दीपक, कामावर मी नळ्याच तपासते. उलटं जायला आधी माझ्याकडे तेवढं नको?"

"बाटलीत दूध आहे ना? मग?"

मी ते दूध उन्हात धरून पाहिलं. माझ्यापेक्षा दाट, पिवळसर. आणि सव गावच्या ऊन पाण्याच्या कुंडासारखं गरम, माणसाच्या अंगात असतं त्याहून जास्त. ओतून टाकायचं ठरवलं आणि चिमीचे लंगोट धुवायला गेले. परत आले तर सासूबाई वाटी-चमचा विसळत होत्या. "काय प्यायली गो पोरगी! घटाघटा. इतके दिस कुठं लपवलंवतंस?"

दुसऱ्या दिवशी बूच घट्ट लावलं. चिमी उपाशी किंचाळत राहिली, माझ्याकडून काही निघेना. शेवटी मीच बूच काढलं. हो, मीच. पोर रडत होती.

रोज दुपारी तेच. वजन वाढलं. "बघा, जमलं ना?" डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. मला ओरडावंसं वाटत होतं, हे माझं नाही हो, माझं यात काहीच नाही!

एका दुपारी मी डोळे मिटले नाहीत. मशीन सुरू केलं आणि शेजारी बघत राहिले.

गादीवरचा कप हळूच उचलला गेला. फार नाही. कुशीवर निजलेल्या बाईच्या छातीइतका वर. तिथे तो टेकून राहिला. मग धारा सुरू झाल्या.

मी हात पुढे केला. चादर गरम होती आणि थोडी दबलेली.

त्याच दुपारी चिमीने मला नाकारलं. अंगाशी धरलं तर पाठ ताठ करून भिंतीकडे तोंड फिरवलं. माझा संताप संताप झाला. खड्ड्यात गेलं ते मशीन! डब्याचं तर डब्याचं, पण आणणार मी आणि पाजणारही मीच. पिशवी उचलली, पायात चपला सरकवल्या.

"रिकामी नको नेऊस गो," सासूबाई दारातून ओरडल्या. "चिमटीभर साखर तरी घाल!"

"पिशवीत मशीन आहे, रिकामी कशी?" मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जुनैदने मशीन घेतलं, डब्याचं दूध दिलं. मग पिशवी उलटी करून झटकली, आत हात घालून पाहिलं. "यात काहीच नाही घातलं, ताई?" मी डबा उचलून निघाले.

घरी आले तेव्हा सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. "हळू जा. निजलीय."

"रडली नाही?"

"छे गो. भूकच नाय तिला."

खोलीत ऊन होतं. चिमी भिंतीकडे कुशीवर होती. गळा हलत होता. घुटका, मग श्वास, मग घुटका. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत होतं.

समोर कुणी नव्हतं.

मी तिला ओढलं. ती सुटेना. पाजताना बाळ असं ओढू नये, आईला इजा होते. तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून ओढ सोडवायची, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं.

मी करंगळी घातली.

टच् असा आवाज झाला आणि चिमीचे ओठ सुटले.

मी तिला छातीशी घट्ट धरलं. माझा एक हात अजून गादीवर होता. त्या मनगटावर, वरून, एक गरम थेंब पडला. मग दुसरा.