पावट्याचे त्रेचाळीस दाणे

“दार लावा. हवेबरोबर पाहुणे येतात.”

सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करताच तो बोलला. कल्याणीने मुकाट्याने दार लावलं. तिला शिवाजीनगरच्या बियाणं तपासणी केंद्रातली अर्जाची खिडकी हवी होती. पहारेकऱ्याने भलतीच खोली दाखवली होती. पण बाहेर आषाढाची झिमझिम, हातात बाबांचा पत्र्याचा डबा... ती तिथेच उभी राहिली.

त्याने वर पाहिलं, तेव्हा तिच्या ओढणीतून पाणी ठिबकत होतं.

“बसा. मी अभय. बियांवरच्या बुरशा ओळखतो. घरच्यांना वाटतं, काहीच करत नाही.”

तिचे बाबा, हिंमतराव, जाऊन दीड महिना झाला होता. बिबवेवाडीच्या गच्चीवर दरवर्षी त्यांचा पावट्याचा वेल चढायचा. आता कंपनी त्यांच्या एकुलत्या लेकीला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत होती, आणि तिला ते बी बरोबर न्यायचं होतं. त्यासाठी बी निरोगी असल्याचा दाखला हवा होता.

“तपासणीला चारशे दाणे लागतात.”

“त्रेचाळीस आहेत.”

“बाकीचे?”

“आम्ही खाल्ले.”

तो हसला नाही. तेराव्यानंतर सुंदराआत्याने पाहुण्यांसाठी ते बी भिजत घातलं होतं. कल्याणीनेही उसळ दोनदा वाढून घेतली, आणि मग ओट्यावर डबा दिसला... तळाशी एवढेच उरलेले.

“दहा द्या,” तो म्हणाला. “बुरशी निघाली तर प्रश्नच मिटला. नाही निघाली, तर दाखल्यासाठी साहेबांशी भांडतो.”

काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर त्याने चिमट्याने एकेक दाणा मांडला. झोपलेल्या बाळाला पालथं करावं तसा, हलक्या हाताने.

“आठव्या दिवशी या.”

ती तिसऱ्या दिवशी आली.

“अहो, बुरशी बघायला एवढं आतुर कुणी नसतं.”

“ऑफिसातून घरी जाताना वाटेत पडतं.”

“ऑफिस कुठे?”

“हडपसर.”

“हडपसरहून बिबवेवाडी, शिवाजीनगरमार्गे, पुण्याला वळसा घालून.” त्याने चहाच्या कपाचा कान तिच्याकडे वळवून ठेवला. “बरोबर. वाटेतच आहे.”

दीड महिन्यात ती पहिल्यांदा हसली, आणि लगेच तिला अपराधी वाटलं.

आठव्या दिवशी त्याने स्वतः उठून तिला आपली खुर्ची दिली. भिंगाखाली आठ दाण्यांवर बुरशीच्या काळ्या टाचण्यांचं रान माजलं होतं. उरलेल्या दोघांना मात्र पांढरी, बारीक मुळं फुटली होती.

“बाबा दवाखान्यात होते, तेव्हा माळ्यावरचं छत गळत होतं,” ती भिंगावरून डोळा न काढता म्हणाली. “डबा तिथेच होता. माझं लक्ष नव्हतं.”

“लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी असतं.”

“म्हणजे दाखला—”

“नाही. हे विमानात चढवता येणार नाहीत.”

मग तिने डबा त्याच्याकडे सरकवला. “शनिवारी निघतेय. उरलेले तुम्ही लावाल?”

“औषध चोळून लावीन. विश्रांतवाडीला घरामागे जागा आहे, मांडव घालतो. सगळे नाही उगवायचे.”

“दोन उगवले तरी चालतील. उसळ करून खाऊ नका म्हणजे झालं.”

त्याने झाकण दाबून बसवलं. “पावटा एकट्याने सोलून होत नाही, कल्याणी. दोन वर्षं... मी थांबेन.”

तिने होकारार्थी मान हलवली. निघताना दार अर्धवटच ओढलं. या वेळी तो काही बोलला नाही.