चार बोटं कोरा कागद

दिशा बारावी पास झाली त्या वर्षी मी खंडोबाला एक नवस बोलले होते. पोरगी पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हणत होती आणि घरात माझ्याशिवाय कुणाचंच मन तयार नव्हतं. मी देव्हाऱ्यापुढे पदर पसरून म्हटलं, "देवा, हिची बोटं चालू दे. माझ्या घरातलं एकही माणूस हिच्या हातून काढायचं राहू नये. दर रविवारी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तुझ्यापुढचा दिवा मी विझू देणार नाही."

तेव्हा वाटलं, मी अगदी साधं मागितलं. घरातली माणसं किती? मोजून पाच.

मघाशी भिंतीवरच्या त्या चित्राकडे बघून तुम्ही बसायची जागा बदललीत, ते मी पाहिलं हो. लाजू नका, सगळेच बदलतात. इथे दिव्याजवळ बसा. चहा उकळतोय तोवर सांगते.

दिशा गेली आणि तिथे काय काय शिकली! सुट्टीला आली की घर म्हणजे कारखाना. तिच्या सरांनी सांगितलेलं, आपल्या माणसांची चित्रं त्यांच्याच घरातल्या वस्तूंनी काढून बघा. ह्यांचं, म्हणजे दिशाच्या पप्पांचं चित्र तिने कांद्याच्या पातीच्या आणि सालींच्या रंगात काढलं, आणि मानेवरच्या सुरकुत्यांत आमच्या शेतातली माती भरली. जवळ जाऊन बघितलं तर ढेकळं दिसतात. सोमनाथ, माझा थोरला, घोडेगावला ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याचं जळक्या ऑइलमध्ये. ते महिनाभर वाळेना, तर म्हणतो कसा, "दिशे, मला सर्व्हिसिंगला टाक."

माझं हळदीचं. "मम्मे, हळदीचा रंग उन्हात उडतो, तुला सावलीत ठेवावं लागंल," दिशा म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, जन्मात पहिल्यांदा कुणी मला सावलीत ठेवतंय.

आणि आत्याबाईंचं, माझ्या सासूबाईंचं, जुन्या घोंगडीच्या तुकड्यावर मिसरीने. तुकाबाई नाव त्यांचं. पंच्याहत्तरी कधीच ओलांडली. चित्र बघून म्हणाल्या, "तोंडात दात न्हाई एक, पर मिसरी लई दिलीस बाई." चित्र मात्र उशाशी ठेवून झोपल्या. स्वतःचं तिने आरशात बघून चहाच्या पाण्यात काढलं. पाच झाली. माझा नवस फिटला, असं मी धरून चालले. तरी रविवारचा दिवा चालूच ठेवला. सवय लागली होती त्याची.

गेल्या दसऱ्याच्या आधी कळंबचे दादाभाऊ आले. ते ह्यांचे चुलते. आल्या आल्या पाणीही न पिता त्यांनी आत्याबाईंपुढे विषय काढला.

"वहिनी, आता टाक करून घिऊ. भाऊ किती दिवस बाहेर ठेवायचा?"

टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर माणूस उठवलेला. आमच्यात गेलेल्या माणसाचा टाक करून देवात बसवतात. मग तो घरचा देव होतो, भटकत नाही. आमच्या देव्हाऱ्यात चार पिढ्यांचे टाक आहेत. नाही तो फक्त मामंजींचा, माझ्या सासऱ्यांचा.

कारण ते गेले हे कुणी पाहिलंच नाही. भिमा त्यांचं नाव. पन्नास वर्षं झाली. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात गेले. उन्हाळ्याच्या शेवटी कळप परत आला, बरोबरची माणसं आली, कुत्रं आलं. ते आले नाहीत. कुणी म्हणालं नदीत गेले, कुणी म्हणालं वाघरानं नेलं, कुणी म्हणालं तिकडेच राहिले. आमचे हे तेव्हा पाळण्यात होते. घरात त्यांचा एकही फोटो नाही. रानातल्या माणसाचा तेव्हा कोण काढणार?

आणि आत्याबाईंनी कुंकू पुसलं नाही. पन्नास वर्षं. लोकांनी तोंडावर टोमणे मारले, हळदीकुंकवाला बोलवायचं टाकलं, तरी रोज सकाळी रुपयाएवढं कुंकू. टाक बसवायचा म्हणजे ते पुसायचं. एवढाच प्रश्न होता, आणि तो आम्ही कुणीच तोंडाने बोलत नव्हतो.

हे म्हणाले, "आई, चुलते म्हणतात ते खरं हाय. कवातरी करायचंच ना?"

आत्याबाईंनी कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं. मग म्हणाल्या, "जालिंदर, मला त्यांचं तोंड आठवंना झालंय रं. लई दिवस झालं. ही पोर समद्यांची काढती, त्यांचं काढू दे. एकदा तोंड बघते... मग माझ्या हातानं पुसते."

दादाभाऊंनी येत्या रविवारच्या पुढचा रविवार ठरवला. टाक ते जुन्नरच्या सोनाराकडून करून आणणार होते, चित्राला हारही तेच आणणार होते.

दिशाला फोन केला तशी ती दुसऱ्याच दिवशी एसटीने आली. येताना नवी कला घेऊन आली. धुराची. जाड कागद ज्योतीच्या वर पालथा धरायचा आणि हलवत राहायचं. थांबलं की जळतो. काजळी बसली की तिच्यातून हलक्या हाताने पुसत पुसत चेहरा बाहेर काढायचा. पुसायला तिने घरातली लोकर घेतली आणि हिराच्या झाडूची काडी. मला म्हणाली, "आजोबांचं काहीच न्हाई आपल्याकडं. ना कपडा, ना काठी. मग धूरच बरा."

दिवा कुठला घ्यायचा? मीच म्हटलं, माझा रविवारचा घे. नवसाचा आहे, चांगलं होईल. तिळाचं नवं तेल मी आदल्या दिवशी बाजारातून आणूनच ठेवलं होतं.

त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही मधल्या खोलीत बसलो. बाहेर टळटळीत ऊन. वारा येऊ नये म्हणून खिडकीला दोन घोंगड्या लावल्या, दाराच्या फटीत पोतं कोंबलं. आत एकदम काळोख झाला. आम्ही तिघीच. हे आणि सोमनाथ कांद्याच्या रोपांकडे गेले होते. मी दिवा धरला, दिशाने कागद. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या.

"सांग आजी, कसे होते?"

"तिशीचं गडी. कपाळ रुंद. डाव्या भुवईत खोक, मेंढ्यानं शिंग मारलेलं. मिशी काळी कुळकुळीत. आन् उजव्या कानात मुरकी. सोन्याची. ती ठळक काढ."

दिशा कागद फिरवत होती. सप... सप... कागदाचा आवाज, दुसरं काही नाही. बाहेर कुठेतरी मोटारसायकल गेली आणि मग तोही आवाज बुजला. काजळी बसत होती, जळक्या तिळाचा वास खोलीत भरत होता.

मग त्या वासाखाली दुसरा वास आला. ओल्या लोकरीचा. मेंढरू पावसात भिजून आत आलं की येतो ना, तसा. मी म्हटलं, दिशाच्या हातातल्या लोकरीचा असेल. पण ती कोरडी होती, माझ्याच मांडीवर होती. आणि आमची शेवटची मेंढरं विकून बारा वर्षं झालीत.

ज्योत वाकली.

वारा नव्हता हो. मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. तरी ज्योत एका बाजूला वाकली, कुणी तोंड जवळ आणून हळूच श्वास सोडावा तशी. मग सरळ झाली. पुन्हा वाकली. एका लयीत...

"दिशे," मी हळूच म्हटलं, "थांबू या का?"

"थांबले तर जळंल, मम्मे."

तिच्या कपाळावर घाम होता, पण हात! माझ्या लेकीचा हात जरासुद्धा कापत नव्हता. मी तिची आई असून तेव्हा भीत होते, पण ऊर मात्र भरून आला होता.

थोड्या वेळाने तिने कागद उलटा केला आणि लोकर मागायला हात पुढे केला. तो हात तसाच राहिला.

"मम्मे... मी अजून पुसलंच न्हाई..."

काळ्या काजळीत चेहरा होता. जिथे धूर बसायला हवा होता तिथे बसलाच नव्हता. फेटा, रुंद कपाळ, डाव्या भुवईत खोक. पण तिशीचा गडी नव्हता तो. म्हातारा होता. गाल आत गेलेले, छातीवर उतरलेली पांढरी दाढी. डोळे उघडे, आणि समोर कुठेतरी लांब बघत असलेले.

दिशाने पुन्हा कागद ज्योतीवर धरला. सगळं काळं झालं. तिने उलटा केला. पुन्हा तोच म्हातारा.

"हे मी केलेलं न्हाई, आजी," ती पुटपुटली. "आन् बघ ना, मुरकी पण न्हाई आली. कान मोकळाच..."

आत्याबाई गुडघ्यांवर सरकत पुढे आल्या. चित्राच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासाने काजळी उडेल की काय असं मला वाटलं. मग कंबरेला हात घालून त्यांनी लुगड्याची एक गाठ सोडली. जुन्या चिंधीत काहीतरी होतं. ते त्यांनी दिव्याखाली धरलं.

सोन्याची मुरकी होती.

"जाताना काढून दिली व्हती मला," त्या म्हणाल्या. "म्हणलं, अडचण आली तर मोड. म्या मोडली न्हाई. कुणाला सांगितलंबी न्हाई. माझ्या पोराला ठावं न्हाई की सुनंला... मुरकी काढ म्हणून सांगितलं ते मुद्दाम. म्हणलं बघू, कोण येतं ते."

खोलीतला लोकरीचा वास कधी गेला ते आम्हाला कळलं नाही.

पुढच्या रविवारी दादाभाऊ टाक आणि झेंडूचा हार घेऊन आले. दिशाने तोवर चित्रावर काजळी पक्की करणारा फवारा मारून, काच लावून ते चौकटीत बसवून घेतलं होतं. दादाभाऊंनी चित्र बघितलं आणि हसलेच. "अगं पोरी, हे तर आमचं वडील! भाऊ न्हाई ह्यो. भाऊ तरणा व्हता."

मग त्यांची नजर भुवईवर गेली. हसू थांबलं. त्यांच्या वडलांना खोक नव्हती.

आत्याबाई पुढे झाल्या. नऊवारीचा पदर डोक्यावर, कपाळावर रोजच्यापेक्षा मोठं कुंकू. त्यांनी दादाभाऊंच्या हातातला हार काढून घेतला आणि सरळ दाराच्या चौकटीला बांधला.

"जित्या माणसाला हार घालता व्हय रं? पन्नास वर्सं चालतोय त्यो. म्हातारा झाला चालून चालून. टाक सोनाराला परत कर."

"वहिनी, चित्रावर इस्वास ठेवायचा का?"

"चित्रावर न्हाई. नातीच्या हातावर."

हे आईच्या पाया पडले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. सोमनाथ म्हणाला, "बघा, आजोबांनी वाळायला महिना न्हाई लावला." सगळे हसलो, दादाभाऊसुद्धा. टाक जुन्नरला परत गेला, आत्याबाईंचं कुंकू राहिलं. या वर्षीच्या हळदीकुंकवाला मी आधी त्यांना लावलं, मग गावाला. कुणी एक शब्द काढला नाही.

सहा चित्रं कॉलेजच्या भिंतीवर लागली तेव्हा मी साडी नेसून पुण्याला गेले होते. लोक त्या सहाव्यापाशी थांबायचे आणि हळू बोलायला लागायचे. एका बाईंनी दिशाला विचारलं, हे तंत्र कुठलं? दिशा म्हणाली, "आईचा नवस." सगळ्यांसमोर. माझ्याकडे बोट करून.

आता चहा घ्या आणि जरा उठून बघता का? घाबरू नका, मी आहे ना.

चित्र पक्कं झालं तेव्हा फेट्याच्या वर, धूर न लागलेला, चार बोटं कोरा कागद होता. मी स्वतः बोटं ठेवून मोजला होता, चौकट करणाऱ्याला माप द्यायचं म्हणून. शिमग्याला सहज बोटं लावली, तर तीन. दिशाने टेप लावून बघितलं आणि गुंडाळून ठेवला. काच उघडलेली नाही, काजळीला कुणाचा हात लागलेला नाही. पण चेहरा मोठा होतोय. रस्त्यावरून माणूस आपल्याकडे येत असला की कसा मोठा दिसत जातो, तसा. डोळे आता लांब बघत नाहीत.

आज सकाळी दिवा लावताना पुन्हा मोजलं. एक बोट राहिलंय.

आत्याबाई हल्ली रोज उंबऱ्यात पाण्याचा तांब्या भरून ठेवतात. येणाऱ्याच्या पायावर पाणी नको का घालायला, म्हणतात. कोण कसा येईल हे मी विचारत नाही. माझा देव वाईट करणार नाही, एवढं मला ठाऊक आहे.

तुमच्याही घरातलं कुणी असंच जाऊन परत आलं नसेल ना... तर तुम्हीही रविवारचा दिवा लावा ताई. मनापासून मागा, देव ऐकतो. फक्त वरचा कोरा कागद पहिल्याच दिवशी मोजून ठेवा. आणि दाराची कडी रोज तेल घालून मोकळी ठेवा.