बुजवलेल्या बावेची माती

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ही गोष्ट माझ्या धाकट्या मामांच्या बाबतीत घडली आहे, पंढरीमामांच्या. त्यांनी आयुष्यभर परभणीकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ते उठून जायचे. ही हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि सांगता सांगता मधेच मोरीत जाऊन चूळ भरून आले.

ही रात्रीची गोष्ट नाही.

जे झालं ते सगळं दिवसाढवळ्या झालं. भर उन्हात.

साल एकोणीसशे सहासष्ट. मे महिना. गाव माहीम... मुंबईतलं नव्हे, पालघरच्या किनाऱ्यावरचं, केळव्याजवळचं.

पंढरी तेव्हा मुंबईत शिल्पकला शिकत होता. शेवटचं वर्ष. वडील लवकर गेलेले, शिक्षणाचा सगळा भार थोरला भाऊ आनंदा याने उचललेला. आनंदा तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर होता आणि बोईसरला खोली घेऊन राहायचा. पंढरी सुट्टीला त्याच्याकडे आला तो एकच ध्यास घेऊन. परत जाताना पितळेत ओतलेलं एक शिल्प बरोबर न्यायचं. ते जमलं तर पास, नाहीतर भावाची सगळी मेहनत पाण्यात.

पालघरच्या बाजारात त्याला हवा तो चेहरा सापडला.

जमनाबाय. मासळी विकायला बसायची. रापलेला चेहरा, गालांवर उभ्या आडव्या सुरकुत्या, आणि ओठ असे घट्ट मिटलेले की भाव एकदा सांगितला म्हणजे संपलं.

पंढरीने भीत भीत विचारलं. ती हसली.

"माजं थोबाड बनवून काय करशील रे पोरा?"

"मुंबईला नेईन, मावशी. लोक बघतील."

"बगू दे. पन मासली घेनार हाय का कोनी?"

तिचा मुलगा महादू होडीवर जायचा. त्याने माहीमच्या घरामागची जाळी ठेवायची पडवी पंढरीला वापरायला दिली. समोर अंगणात मासळी वाळत घातलेली. आता, पंढरीच्या घरी मासळी कधी शिजलेली नव्हती. त्या वासाने पहिल्याच दिवशी त्याला उलटी झाली. महादू पोट धरून हसला.

"सवय होईल, मास्तर."

आणि खरंच, थोड्या दिवसांत त्या वासाची सवय झाली.

दुसऱ्या वासाची मात्र कधीच झाली नाही.

माती शोधायला पंढरी गावाबाहेरच्या नारळीच्या वाडीत गेला. तिथे एक जुनी बाव, म्हणजे विहीर, कुणीतरी कधीकाळी दगडमातीने बुजवून टाकली होती. त्या साली पाण्याची ओढ होती, म्हणून वाडीवाल्याने ती पुन्हा उपसायला घेतली. पाणी लागलंच नाही. नुसती माती निघत राहिली. काळी, निळसर, लोण्यासारखी मऊ. बाव का बुजवली होती ते वाडीवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

"हवी तेवढी ने," तो म्हणाला. "मला तरी कुठं टाकायची हाय."

अशी माती पंढरीने मुंबईतही पाहिली नव्हती. पडवीत आणून तो ती पायांनी तुडवायला लागला.

पायाच्या बोटांत काहीतरी अडकलं.

त्याने ओढलं... एक केस.

जाळ्याचा धागा असेल, म्हणून तो ओढत राहिला. केस निघतच राहिला. हातभर. मग आणखी हातभर. शेवटी टोक आलं. टोकाला पांढरं, बुळबुळीत, नखाएवढं काहीतरी चिकटलं होतं. कातडीसारखं.

त्याने ते कुंपणापलीकडे भिरकावलं आणि राखेने हात घासले. वास गेला नाही. मासळीचा नव्हे तो. गोडसर वास. पाण्यात सडलेल्या फुलांचा असतो तसा.

पण माती सुंदर होती. पंढरीने काम सुरू केलं, नुसत्या डोक्याचं, मानेपर्यंत.

बाजार उरकून आली की जमनाबाय दुपारी समोर बसायची. सुपारी कातरत गावभरच्या गोष्टी सांगायची. मातीत तिचा चेहरा भराभर उतरत होता. इतका, की आपले हात आपण चालवतो आहोत की माती चालवते आहे, असं त्याला वाटायचं. संध्याकाळी तो मूर्तीवर ओलं फडकं गुंडाळून बोईसरला परतायचा, माती सुकू नये म्हणून.

एका सकाळी तो आला आणि फडकं सोडायला गेला.

फडकं सुटेना.

ते तोंडापाशी आत गेलं होतं... आत ओढून घेतल्यासारखं.

त्याने तर ओठ मिटलेले घडवले होते. तोंडाला फटसुद्धा ठेवली नव्हती. पण फडक्याचं टोक आत होतं. त्याने हळूहळू ओढलं. ओलं, कोमट कापड बाहेर येऊ लागलं, आणि त्याच्याबरोबर चिकट तार. जनावराच्या लाळेसारखी.

पंढरी अंगणात पळत गेला आणि भडाभडा ओकला.

महादू तिथे मासळी उलटीपालटी करत होता. या वेळी तो हसला नाही. तो वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत होता.

"मास्तर... आज आमच्या मासलीवर एक माशी नाय."

खरंच नव्हती. मे महिन्यात, किनाऱ्यावर, एवढी मासळी उघडी पडलेली आणि एकही माशी नाही. मांजरंही फिरकली नव्हती. सगळीकडे सामसूम.

आवाज पडवीतून येत होता... घोंघावण्याचा.

दोघं आत गेले. मूर्तीचं डोकं काळं ठिक्कर दिसत होतं. हलत होतं. वळवळत होतं. सगळ्या माश्या तिथे बसल्या होत्या. एकीवर एक, थरावर थर. महादूने जाळं झटकलं. माश्या उडाल्या, भिंतीवर बसल्या आणि वाट बघू लागल्या.

त्या दिवशी शेजारची म्हातारी भागी काठी टेकत आली. मूर्ती बघायची होती तिला. दारात उभी राहून तिने एकदा पाहिलं.

मग तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला. सासऱ्यासमोर सुना घेतात तसा.

"आजी, ओळखलंत का कोण ते?" पंढरीने विचारलं. जमनामावशीचं नाव येईल असं त्याला वाटलं होतं.

म्हातारी तशीच मागे मागे सरकत गेली. पाठ न फिरवता.

त्यानंतर जमनाबायची अन्नावरची वासना उडाली.

"तोंडाला मातीची चव हाय," ती म्हणायची. "भात खाल्ला तरी माती. पानी प्यालं तरी माती."

एका दुपारी ती समोर बसली असताना खोकला आला. तिने हातावर थुंकलं.

काळं, निळसर, मऊ.

त्यात तिचा पुढचा दात होता.

 महादूने आईला हात धरून घरात नेलं. पंढरी एकटाच मूर्तीकडे वळला. मिटलेले ओठ आता किंचित उघडे होते... आणि मधून काहीतरी पांढरं दिसत होतं. त्याने बोट लावून पाहिलं.

ते मातीचं नव्हतं.

बोईसरला जाऊन त्याने आनंदाला सगळं सांगितलं. आनंदा यंत्रांत वावरणारा माणूस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"माती नासकी आहे," तो म्हणाला. "त्या बाईलाही तिचीच बाधा झाली असणार. तू मातीवरून साचा काढ आणि माती फेकून दे. पितळेला काही होत नाही. आगीतून निघालं की सगळं स्वच्छ."

पंढरीला ते पटलं. पटण्याखेरीज दुसरं काही सुचतही नव्हतं. त्याने प्लास्टरचा साचा काढला, मूर्ती फोडली आणि ती सगळी माती नेऊन बावेत लोटली. आता साच्यातून काढलेलं मेणाचं पोकळ डोकं, आत विटेची भुकटी आणि प्लास्टर यांचा गाभा, आणि बाहेरून त्याचाच जाड लेप, म्हणजे ओतण्याचा साचा. बावेच्या मातीचा कणसुद्धा नाही. त्याने पडवी फिनेल टाकून धुतली.

जमनाबायने त्या दिवशी वाटीभर पेज खाल्ली.

"गोड लागली रे," ती म्हणाली. पंढरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

अंगणात खड्डा खणून भट्टी लावली. आनंदा रजा काढून आला, भाता चालवायला. मेण वितळून गेलं, साचा तापून लाल झाला. मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, पितळ पातळ झालं आणि दोघा भावांनी ते साच्यात ओतलं.

धूर आला.

मांस जळतं तसा वास... आणि त्याखाली तोच गोडसर वास.

आनंदाने नाकाला रुमाल लावला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी साचा फोडला. ओतकाम उत्तम झालं होतं. एक छिद्र नाही, एक तडा नाही. फक्त तोंड उघडं होतं. आणि चेहरा जमनाबायचा नव्हता. कोणाचा होता, ते पंढरीला कधीच कळलं नाही.

आनंदाने हातोडीने टकटक केलं. पितळ वाजायला हवं. ते वाजलं नाही. भरल्या पोटावर चापट मारावी तसा आवाज आला.

"गाभा आहे ना आत," पंढरी म्हणाला. "तो काढायला हवा."

त्याने डोकं उलटं धरलं. मानेच्या भोकातून सळई घातली. उघड्या तोंडातून आता विटेची कोरडी भुकटी पडणार होती.

सळई आत रुतली... मऊ.

आणि त्या तोंडातून माती बाहेर आली.

काळी, निळसर, ओली. थंडगार. ज्या डोक्यात आदल्या दिवशी उकळतं पितळ ओतलं होतं, त्यातून ओली माती येत होती. केसांचे पुंजके होते तिच्यात. घमेलं भरलं. माती थांबली नाही. घमेल्यावरून ओघळून ती आनंदाच्या पायांवर आली. त्या डोक्यात मावली असती त्याच्या कितीतरी पट झाली, तरी येतच होती. पोटातून ढवळून यावी तशी, उबळीवर उबळ.

आनंदा खाली बसला आणि लहान मुलासारखा ओकू लागला.

तेवढ्यात घरातून महादूची हाक आली.

"मास्तर... आयला बगा. आय गुदमरते..."

जमनाबाय ओसरीवर पालथी पडली होती. तोंडातून तीच माती. श्वास घ्यायला जागा नव्हती. महादू बोटांनी माती काढत होता आणि ती पुन्हा भरत होती.

पंढरीला कसं सुचलं, कोण जाणे. तो धावत मागे गेला आणि त्याने ते डोकं सरळ केलं. मान खाली, तोंड वर. मानेचं भोक त्याने स्वतःच्या सदऱ्याचा बोळा कोंबून बंद केलं.

जमनाबायने श्वास घेतला.

संध्याकाळच्या आत महादूने होडी काढली. डोकं जाळ्यात बांधलं, जाळ्याला दगड बांधले. पंढरीही बरोबर गेला. किनारा दिसेनासा झाल्यावर त्यांनी ते पाण्यात सोडलं. बुडबुडे आले. बराच वेळ येत राहिले.

जमनाबाय वाचली. पुढे कितीतरी वर्षं जगली. पण सुपारी तिने सोडली. दाताखाली काही कडक आलं की तिला सहन होत नसे.

पंढरी रिकाम्या हाताने मुंबईला गेला आणि नापास झाला. मातीला त्याने पुन्हा हात लावला नाही. आनंदा त्याला कधी एका शब्दानेही बोलला नाही.

पावसाळा सरल्यावर महादू एकदा बोईसरला आनंदाच्या खोलीवर आला होता. मामाही तेव्हा तिथेच होते. महादूला चहा दिला. त्याने तो तसाच ठेवला.

"आपन ते सोडलं त्या बाजूला घोल मासली मिलाली," तो म्हणाला. "मोठी. पोट फाडलं... आत माती होती. काली. नुसती माती."

आनंदाने हातातला कप खाली ठेवला.

"आमी आता तिथं जालं टाकत नाय," महादू म्हणाला. मग त्याने दाराबाहेर पाहिलं.

"पन मास्तर, मासा काय एका जागी राहतो?"

मामांनी गोष्ट इथेच संपवली आणि उठून मोरीत गेले. चूळ भरल्याचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता.

मी मासळी खातो. आवडीने खातो. पण बायको मासा साफ करायला घेते, पोटावर सुरी लावते... तेव्हा मी तिथे थांबत नाही.