ओळखीचं पोट

जयसिंगपूरच्या उदरचित्र केंद्रात आता कोणाच्या पोटाला हात लावला जात नसे. माणूस आपल्या जन्ममहिन्यात यायचा, दाराएवढ्या पांढऱ्या चौकटीत उभा राहायचा, एक श्वास घेऊन सोडायचा आणि तेवढ्यात पडद्यावर त्याचं यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, आतड्याची वेटोळी, सगळं रंगीत होऊन हजर व्हायचं. खाली हिरव्या अक्षरांत एक शब्द उमटायचा: स्वच्छ. तो मिळाला की लोक समोरच्या गाडीवर जाऊन भडंग खायचे.

डॉक्टर ऋजुता मोकाशी त्या शब्दाला कंटाळल्या होत्या. त्यांची निवृत्ती दोनदा लांबली होती, कारण नवे क्ष-किरणतज्ज्ञ तयारच होत नव्हते. चित्र काढणारं यंत्रच ते वाचतंही, मग शिकायचं कोणी आणि कशासाठी? ऋजुताबाई ही विद्या शिकल्या तेव्हा सीटी स्कॅनचे दिवस होते. पेशंटने उपाशीपोटी यायचं, औषध कालवलेलं लिटरभर पाणी तोंड वाकडं करत प्यायचं, मग यंत्राच्या गोल कड्यात आडवं व्हायचं. कुठूनतरी एक ध्वनिमुद्रित बाई सांगायची, श्वास घ्या, रोखून धरा. पोटाच्या शेकडो करड्या चकत्या पडद्यावर यायच्या. आतड्याची भिंत सुजली आहे की आतडं नुसतंच आकसलं आहे, यावर त्या आणि सोबत शिकणारी मैत्रीण चहा गार होईपर्यंत वाद घालत बसायच्या. आता वाद उरला नव्हता. चहा मात्र अजून गारच व्हायचा.

त्या जुन्या तपासणीत एक मोठी अडचण होती. तिला किरण फार लागत, आणि जास्त किरण अंगावर घेणं हेच एक दुखणं होऊन बसे. म्हणून ती वारंवार करता येत नसे आणि गाठी उशिरा सापडत. मग स्मृतिपूरणाचा शोध लागला. घरातलं माणूस स्वयंपाकघरातून अर्धवट काही बोललं, तरी भांड्यांच्या आवाजातून आपल्याला ते सगळं कळतं. ते काय बोलणार हे आपल्या ओळखीचं असतं. यंत्राने तेच केलं. पूर्वीच्या शंभराव्या हिश्शाइतकेच किरण टाकायचे, त्यातून जे थोडे ठिपके हाती येतील ते घ्यायचे आणि उरलेली जागा त्याच माणसाच्या आदल्या वर्षीच्या चित्रावरून भरून काढायची. त्यामुळे दर वर्षी तपासणी होऊ लागली. पोटाच्या रोगांनी मरणाऱ्यांचे आकडे खाली आले, आणि हिरव्या शब्दावर लोकांची श्रद्धा बसली.

त्या दिवशी स्नेहल चौगुले वर्षभरात तिसऱ्यांदा आल्या. नांदणीच्या कन्याशाळेत त्यांनी मुलींना खो-खो शिकवण्यात हयात घालवली होती. बरोबर त्यांचे यजमान, सम्मेद चौगुले. त्यांची भाजीच्या रोपांची रोपवाटिका होती आणि नखांत कायमची माती.

"बोला स्नेहलताई."

"तेच. दोन घास खाल्ले की पोट भरतंय. तिसरा घास बघितला की राग येतो. आणि पाठीत, हितं, आतून कुणीतरी कोपर टेकून बसल्यासारखं दुखतंय."

"वय झालंय, डॉक्टरबाई," चौगुले म्हणाले. "यंत्र स्वच्छ म्हणतंय आणि ही यंत्राशी भांडायला आलीया."

"तुमच्याशी भांडून झालं की. आता उरलंय कोण?"

"हिच्या पोटाची मला खात्री हाय. लग्न ठरवताना तेव्हा नुकती उदरचित्रं बघायची पद्धत पडली होती, पत्रिकेच्या जागी. आमच्या वडिलांनी चार दिवस हिचं चित्र घरी ठेवून घेतलं होतं."

"मामंजींनी आधी माझं आतडं पसंत केलं," स्नेहलताई म्हणाल्या, "मग मला."

ऋजुताबाई हसल्या. कितीतरी दिवसांत इथे कोणी हसवलं नव्हतं. त्यांनी स्नेहलताईंना चौकटीत उभं केलं. चित्र आलं, शब्द आला. स्वच्छ. एरवी त्या पुढचं नाव पुकारत. पण हसल्यामुळे की काय, त्यांनी मान वर करून समोरच्या बाईकडे पाहिलं, आणि चित्रातलं पोट आणि चौकटीतलं पोट एकाच बाईचं वाटेना. चित्रातल्या पोटावर चरबीचा चांगला थर होता. चौकटीतलं पोट खपाटीला गेलं होतं, साडीच्या निऱ्याही आत ओढल्या गेल्या होत्या.

त्यांनी यंत्राकडे गाळ मागितला. आलेले जे ठिपके आठवणीशी जुळत नाहीत, ते यंत्र चूक समजून बाजूला टाकतं. किरण कमी असले की अशा चुका व्हायच्याच. त्या टाकाऊ ठिपक्यांना केंद्रातले लोक गाळ म्हणत. तो पाहायला कोणी मागत नसे. खऱ्या चुका असतील तर गाळ ताटात सांडलेल्या रव्यासारखा सगळीकडे सारखा पसरलेला दिसायला हवा. स्नेहलताईंचा गाळ एका जागी साचला होता. जठराच्या मागे, डावीकडे.

"हे काय हाय?" चौगुल्यांनी विचारलं.

"यंत्राला दिसलं, पण पटलं नाही, ते."

"म्हणजे यंत्र खोटं बोलतंय?"

"खोटं नाही. त्याला वाटतं, ही बाई आपल्या ओळखीची आहे. एकदम मोठी गाठ आली असती तर ते दचकलं असतं. हळूहळू वाढणारं काही असेल तर दर वर्षीचा फरक अगदी थोडा. तेवढा फरक यंत्र चूक म्हणून गाळतं. आणि गाळून काढलेलं चित्रच पुढच्या वर्षीची आठवण होतं. दर वर्षी ते तुमच्या पोटाबद्दल आणखी पक्कं होत जातं."

"मग त्याचं औषध चालू करा."

"हे चित्र नाही चौगुलेसाहेब, हा कचरा आहे. कचऱ्यावर कुठलंही रुग्णालय औषध देणार नाही. चित्र हवं, आणि चित्र स्वच्छ आहे."

मार्ग एकच होता. त्याला विस्मरण म्हणत. यंत्रातली त्या माणसाची सगळी जुनी चित्रं पुसायची. मग समोर कोणी अनोळखी उभं आहे असं धरून ते पूर्वीसारखे पूर्ण किरण टाकतं आणि जे आहे तेवढंच काढतं. एका माणसाच्या दोन ओळखी ठेवायची सोय यंत्र बनवणाऱ्यांनी केली नव्हती; त्यांना तशी गरज वाटली नव्हती. एकदा पुसलेलं परत आणता येत नसे.

"नको," चौगुले म्हणाले. "माझं ऐका. आज आमच्या हातात एकच चांगली गोष्ट हाय, तो हिरवा शब्द. तोबी पुसायचा आणि घरी काय घेऊन जायचं?"

"शब्द तुम्ही ठेवा," स्नेहलताई म्हणाल्या. "मला जेवायचंय."

त्यांनी संमतीसाठी अंगठा टेकवला. पूर्ण किरणांच्या वेळी जवळ कोणी थांबायचं नसतं, म्हणून चौगुल्यांना बाहेर बसवलं. चौकट या वेळी बराच वेळ घरघरत राहिली.

चित्र करडं आलं. रंग भरायला आठवण नव्हती. जठराच्या मागून प्लीहेकडे निमुळता होत जाणारा स्वादुपिंडाचा भाग, त्याला शेपूट म्हणतात. तिथे कडा नसलेला काळपट डाग होता आणि त्याने शेजारच्या शिरेला विळखा घातला होता. यकृतात फिकट कडेचे लहान गोल ठिपके विखुरले होते. ऋजुताबाईंनी तरुणपणी असं चित्र अनेकदा पाहिलं होतं. इतक्या वर्षांनी ते ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही, आणि या गोष्टीचा त्यांना थकवा आला. त्या खुर्चीत टेकल्या.

"सांगा," स्नेहलताई म्हणाल्या. "मी पोरींना हरल्यावर रडू दिलं नाही कधी."

"गाठ आहे. स्वादुपिंडात. तिथून यकृतात गेली आहे."

"कापून काढता यायची नाही?"

"तीन-चार वर्षांपूर्वी आली असती. आता औषधं आहेत. त्यांनी वेळ वाढेल, दोन घासांचे चार घास होतील. बरं होणार नाही."

स्नेहलताईंनी पदर सारखा केला. "मी एक वर्ष चुकवलं नाही हो. पाऊस असो, परीक्षा असोत. शाळेतल्या बायकांना रागावून घेऊन यायचे."

ऋजुताबाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "ऊसतोडीच्या टोळ्या इथे येतात ना, त्या एक हंगाम आपल्याकडे, पुढचा कर्नाटकात. कुठल्याच केंद्रातल्या यंत्रात त्यांची आदली आठवण सापडत नाही, म्हणून यंत्र दर वेळी त्यांना परकं समजतं. त्यांच्या गाठी शेंगदाण्याएवढ्या असतानाच सापडतात. मी समजत होते, कष्टाच्या माणसांना हा रोग लवकर धरतो. लवकर दिसत होता, एवढंच."

"आणि न चुकता येणारे?"

"न चुकता येणारे स्वच्छ."

बाहेरच्या बाकांवर न चुकता येणारी माणसं बसली होती. सगळ्यांना एकदम विसरून जा असं यंत्राला सांगता आलं असतं. पण तेवढे पूर्ण किरण पुन्हा पुन्हा सगळ्यांच्या अंगावर टाकणं म्हणजे जिथून सुटका करून घेतली होती तिथेच परत जाणं. आणि नव्याने ओळख झाली की यंत्र नव्याने पक्कं होत जाणार. ऋजुताबाईंना हे कोणाला तरी कळवायला हवं होतं. कोणाला, ते त्यांना सुचेना.

चौगुले आत आले. त्यांना सांगितलं. ते पडद्याकडे पाहत राहिले.

"हे हिचं न्हाई," ते म्हणाले. "रोज ताटावर समोर असती माझ्या. मला दिसलं नसतं?"

"नाही दिसलं तुम्हाला," स्नेहलताई म्हणाल्या. रागाने नव्हे.

"मला तू हाय तशीच दिसतीस."

"तेच म्हणते मी. जरा लांब उभे राहा. तिकडं, दाराशी. एस.टी. स्टँडवर कुणी बाई उभी आहे, तुमची कोण नाही, असं धरा. आणि बघा."

"काहीतरीच तुझं."

"बघा म्हणते ना."

चौगुले दाराशी गेले. पहिल्यांदा ते ओशाळून हसले. मग हसू गेलं. त्यांची नजर बायकोच्या कपाळावरून खाली उतरत गेली: खोल गेलेले डोळे, गालांची हाडं, ब्लाउजच्या गळ्यातून दिसणारे मानेखालचे खळगे, कोपरापर्यंत घसरणाऱ्या बांगड्या. दाराची चौकट त्यांनी हाताने धरली. स्टँडवरची ती बाई फार आजारी होती, आणि हे कोणालाही कळलं असतं.

"दिसलं?" स्नेहलताईंनी विचारलं.

त्यांनी मान डोलावली. मग डोळे घट्ट मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. सकाळी दुचाकीवर मागे बसून आलेली, खांद्यावर हात ठेवलेली बाई ते शोधत होते. मिटल्या डोळ्यांतही आता हीच उभी होती.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "हिचं एखादं जुनं चित्र राहिलंय का कुठं? कसलंबी चालंल."