जुन्या गावाच्या माळावरचा खाटीक

लातूरच्या एका क्लासमध्ये उमैमा प्राणिशास्त्र शिकवायची आणि धम्मप्रिया वनस्पतिशास्त्र. एकेका बॅचला दीडशे पोरं, अन् पक्षी म्हणजे एका मार्काचा प्रश्न, चार पर्याय. किनवटच्या जंगलात वाढलेल्या उमैमाचा त्यात जीव गुदमरायचा. म्हणून दर रविवारी उजाडता उजाडता दोघी स्कूटी काढायच्या आणि एखादा माळ गाठायच्या. उमैमानं पाखरं मोजायची, धम्मप्रियानं रानफुलं. हरेल तिच्याकडून बसस्टँडसमोर मुरमुऱ्यांचा सुशीला आणि भजी.

भूकंपाला बारा वर्षं झाली त्या ऑक्टोबरात धम्मप्रिया आपणहून म्हणाली, या रविवारी आमच्या जुन्या गावाच्या माळावर जाऊ. उमैमा चमकली. त्या रात्री धम्मप्रिया तेरा वर्षांची होती आणि शाळेसाठी लातूरजवळच्या मुरुडला मावशीकडे राहत होती, म्हणून वाचली. आई घरातच गेली. पुढं नवं गाव तीन किलोमीटरवर वसलं, जुन्या जागी गवत माजलं, आणि धम्मप्रियानं तिकडं पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं.

पण सकाळ अशी काही फुलून आली होती की मनावरचं दडपण टिकेना. गुडघाभर गवत दवानं जड झालेलं. डोंबारी चंडोल सरळ वर उडत होते आणि शीळ घालत दगडासारखे खाली येत होते. धाविकांची एक जोडी लांब पायांनी तुरुतुरु पळाली, थांबली, पुन्हा पळाली. धम्मप्रिया तर वाकूनच चालत होती. विष्णुक्रांत, केना, रानतीळ, गुलाबी कुर्डूचे ताटवे. एकच फूल ती दोनदा मोजतेय असं उमैमानं पकडलं, त्यावर दोघी भांडून हसल्या.

गवतात मधूनच दगडी जोत्यांचे चौकोन लागत होते. त्यांच्यापलीकडं एका बाभळीच्या शेंड्यावर खाटीक पक्षी बसला होता. करडं डोकं, डोळ्यांवरून काळी पट्टी. हा पक्का नकलाकार, उमैमानं सांगितलं, ऐकेल त्याचा आवाज काढतो. खाटकानंही जणू ऐकलं. त्यानं टिटवी काढली, मग तित्तर, मग शेळीचं करडू. धम्मप्रियानं टाळ्या वाजवल्या.

मग त्यानं हापसा काढला. लोखंडाची कोरडी कुरकुर तीनदा, चौथ्यांदा पाण्याचा भरला आवाज.

धम्मप्रियाचे हात थांबले. त्यांच्या आळीचा हापसा असाच होता, चौथ्या दांड्याला पाणी यायचं, ती म्हणाली. उमैमानं मनात हिशेब केला. खाटीक जगतो पाच-सहा वर्षं. हापसा गाडला गेल्याला बारा झाली. बापाकडून पोरानं उचललं असेल, तिनं समजावलं. पाखरांत असं घडतं. हे उत्तर तिचं तिलाही पटलं.

पक्षी खोकला. विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा दाटलेला खोकला.

"मलप्पा तात्या," धम्मप्रिया हळूच म्हणाली. "शेजारचे."

चंडोल गप्प झाले होते. कधी झाले, ते उमैमाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"ती-ती-ती, या गं बायांनो."

कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या बाईचा आवाज. मधे घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

धम्मप्रिया गवतात खाली बसली.

"पिऊ, उजाडलं गं. ऊठ."

उमैमा एक पाऊल मागं सरली. पण धम्मप्रियाचा चेहरा उजळत गेला.

"उठले गं आई," ती म्हणाली.

खाटकानं मान वळवली, पंख झटकले आणि तो उडाला. चंडोल पुन्हा गाऊ लागले.

परतताना धम्मप्रिया रडत होती आणि हसत होती. बारा वर्षांचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखी ती हलकी चालत होती. पैजही तीच जिंकली, सतरा फुलांनी.

नव्या गावात तिच्या आईची मैत्रीण, पारूकाकू, राहायची. तिच्या ओसरीवर चहा झाला. धम्मप्रियानं सगळं सांगितलं, तर पारूकाकूला नवल वाटलं नाही. गावातले बरेचजण सकाळचे तिकडं जाऊन येतात, ती म्हणाली. आपलं माणूस हाक मारतंय तोवर जायचं. ओ दिली की तो आवाज कायमचा थांबतो.

"मेलेल्याचाच आवाज काढतंय ते पाखरू, जित्याचा न्हाई," ती म्हणाली. "तुझी आई लई दिवस हाका मारून राहिली होती. बरं केलंस, आलीस."

तिनं धम्मप्रियाच्या पाठीवरून हात फिरवला. मग किटलीत उरलेला चहा उमैमाच्या कपात ओतता ओतता तिला काहीतरी आठवलं.

"मॅडम, तुम्हाला म्हाईत असंल. आज तांबडं फुटताना मी सरपणाला गेले होते, तर नवाच आवाज होता. म्हातारा माणूस, बोली तुमची. 'उम्मी, ओ उम्मी' करून राहिला होता. आमच्यात त्या नावाचं कुणीच नव्हतं. ही उम्मी कोण?"

उमैमानं कप खाली ठेवला. तिला उम्मी म्हणणारं माणूस जगात एकच होतं, तिचे अब्बा. काल संध्याकाळीच ते किनवटहून फोनवर बोलले होते, आणि फोन ठेवताना कितीतरी वेळ हसत होते.