रिकाम्या ट्रेलरमधली थाप

ट्रेलरच्या मागच्या भागात गाड्या ठेवायचं गॅरेज होतं; त्याच्या रबरी जमिनीवर पीठ पसरलेलं होतं. हादऱ्यांनी त्यावर बारीक लहरी उठल्या होत्या, एकमेकींपासून साधारण बोटभर अंतरावर. पण पाऊल एकही नव्हतं. वाळूत चालवायच्या दोन्ही चारचाकी क्वाड बाइकच्या चाकांपुढे मॅरेनने पिठाची जी कड आखली होती, तीही तशीच सरळ होती.

"म्हणजे गाड्या हललेल्या नाहीत," तेरा वर्षांची मॅरेन म्हणाली.

"आणि आत कुणी चाललेलंही नाही," तिची मावसबहीण जूनी कुजबुजली.

"भुताला पाय नसतात!" मॅरेनचा धाकटा भाऊ टोबिन म्हणाला. "पीठ कसलं टाकताय?"

"पाय नाहीत, मग भिंतीवर थापा कशाने मारतं?" मॅरेन म्हणाली. "डोक्याने? तुझ्यासारखं रिकामं असेल!"

थँक्सगिव्हिंगची सुट्टी वाळूच्या टेकड्यांवर घालवून ते घरी निघाले होते. ट्रक आजोबा, ऑरिन, चालवत होते, शेजारी मॅरेनची आई लोर्ना आणि मागे तिघं मुलं. ट्रेलरमध्ये कुणीच नव्हतं. तरी निघाल्यापासून मागून आवाज येत होता. धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, धप्प-धप्प! कुणी आतून दार ठोठावावं तसा.

"क्वाडचे पट्टे सैल झाले असतील," आजोबा म्हणाले होते. पण पहिल्या थांब्यावर पाहिलं तर पट्टे ढोलासारखे ताणलेले. तेव्हाच मॅरेनने तिथे पीठ चाळून पसरलं होतं.

आता दुसरा थांबा होता सिल्व्हर वेल्स. खाणीतली चांदी संपली तसं हे गाव ओस पडलं होतं. दुपारचे तीनच वाजले होते, पण वाऱ्याने उडवलेल्या धुळीत सूर्य पुसट पिवळा झाला होता. एका घराची फक्त चौकट उभी होती. तिच्यातून धूळ आत जात होती आणि पलीकडे बाहेर पडत होती.

आईने टर्कीचं सँडविच प्रत्येकाच्या हातात दिलं. आजोबा ट्रकमधून उतरलेसुद्धा नाहीत. "आटपा लवकर! उजेड आहे तोवर घाट उतरायचाय!" गावापुढे सात मैल नुसता उतार होता.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, आणि...

धप्प!

टोबिनचं सँडविच खाली पडलं. सगळे ट्रेलरबाहेर होते. ट्रेलरची दारं बंद होती.

"आई," टोबिन अगदी हळू म्हणाला, "आपण सगळे इथेच आहोत ना?"

मॅरेनने ट्रेलरच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि पुढच्या झोताची वाट पाहिली. मागच्या बाजूला काहीच जाणवलं नाही. दाराजवळ किंचित जाणवलं. पुढच्या टोकाला, नाकाशी, मात्र हाताला चक्क दणका बसला!

"आवाज आतून येतच नाहीये! पुढून येतोय!"

ती ट्रकच्या चाकावर चढली. ट्रेलरचं नाक ट्रकच्या हौद्यावर आलेलं असतं. त्याखालची मनगटाएवढी जाड पिन हौद्यातल्या लोखंडी जबड्यात अडकते आणि ट्रेलरची आणि ट्रकची लोखंडी तबकडी एकमेकींना घट्ट टेकतात. इथे मात्र मधून पलीकडचा पिवळा उजेड दिसत होता. मॅरेनने फटीत पावाची सुरी सारली. ती मुठीपर्यंत आत गेली.

"आजोबा! पिन जबड्यात नाहीच! ती जबड्याच्या वर बसलीय!"

"काहीतरीच! चाळीस वर्षं ट्रेलर ओढतोय मी. जबड्याची कडी बंद केलीय मी सकाळी."

"कडी बंदच आहे. पण पिन बाहेर ठेवून बंद झालीय! तुम्ही खेचून पाहिलं होतंत का?"

निघण्याआधी ट्रेलरचे पाय टेकवायचे, ट्रकमधूनच त्याचा ब्रेक दाबून धरायचा आणि ट्रकने हलकंच खेचून बघायचं, हा नियम आजोबांनीच घरात घातलेला. पण आज सकाळी आईने "बाबा, मी बघू का?" असं विचारलं होतं आणि शेजारच्या तळावरचे लोक बघत होते. आजोबा तडक निघाले होते.

"गाडीत बसा," ते म्हणाले.

मॅरेनने टोबिनकडे नुसतं पाहिलं. टोबिनने ट्रेलरच्या कडेचं बटण दाबलं. पुढचे दोन्ही लोखंडी पाय कण्हत खाली आले आणि जमिनीला टेकले.

"टोबिन! ट्रेलरचे पाय वर घे!" आजोबा ओरडले.

"घेतो की! आधी एकदा खेचून दाखवा. पिन अडकलेली निघाली तर महिनाभर भांडी मी घासीन!"

"मीपण!" जूनी ओरडली.

आजोबांना हसू आलंच. "साबण तयार ठेवा."

आईने चाकांना ठोकळे लावले, हौद्याचं मागचं फळकं पाडलं आणि सगळ्यांना दूर उभं केलं. आजोबांनी ट्रेलरचा ब्रेक दाबून धरला. ट्रक हळूच पुढे सरकला. वीतभर. आणखी वीतभर.

ट्रेलर जागचा हलला नाही. पिन जबड्यावरून अलगद बाहेर आली आणि हवेत लोंबत राहिली. आवाज कसलाच झाला नाही. सगळ्या थापांपेक्षा ही शांतता जास्त भयंकर होती.

"थांबा!" आई किंचाळली.

आजोबा इंजिन बंद करून उतरले. त्यांनी लोंबत्या पिनवर हात ठेवला. आईने तिन्ही मुलांना जवळ ओढलं. "शाबास रे! घाटातल्या पहिल्याच खड्ड्यात ट्रेलर सुटला असता!"

"तिघांनी जीव वाचवला आपला," आजोबा म्हणाले. "पिठाने तपास केलात तुम्ही! माझ्या चाळीस वर्षांत मला नाही सुचलं असं काही."

"पण सकाळी तुम्ही वाकून पाहिलं नाहीत का, आजोबा?" मॅरेनने विचारलं.

"पाहिलं गं. बॅटरी लावून पाहिलं. मला तिथे नुसता धुरळा दिसला." त्यांनी डोळे चोळले. "सगळीकडेच दिसतो. उन्हाळ्यापासून."

उन्हाळ्यापासून आईने तीनदा त्यांच्या डोळ्यांचा विषय काढला होता आणि तिन्ही वेळा आजोबा म्हणाले होते, "ही ट्रिप होऊ दे, मग बघू."

"मग आपण आता टेकड्यांवर यायचंच नाही?" टोबिनने विचारलं.

"न यायला काय झालं?" आजोबा ट्रकला पुढून वळसा घालून गेले आणि त्यांनी चालकाच्या पलीकडचं दार उघडलं. त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. सीटचा पट्टा कुठे आहे तेही त्यांना हाताने चाचपून शोधावं लागलं.

"लोर्ना," ते म्हणाले, "आजपासून ट्रेलर तू जोडायचास आणि तूच ओढायचास."