एकच माप

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण कंबर बघा, तसूभर हलली नाही! पट्टासुद्धा लागत नाही मला! नाहीतर आमची ही… दारातून जाताना आडवं व्हावं लागतं हिला!"

मास्तरांनी कंबरेवर थाप मारली आणि पाहुणे खो-खो हसले. पोटची लेकसुद्धा हसली! बायको मात्र बशांचा ढीग सावरत मुकाट्याने आत गेली. एका शब्दात त्यांची फजिती करता आली असती तिला… पण नाही! शाळेत कवायत शिकवणाऱ्या या माणसाचा सारा अभिमान त्या कंबरेत होता. तो जपण्यासाठीच, ते शाळेत गेले की ती त्यांच्या पँटी उसवून कंबर गुपचूप वाढवत आली होती. शिवताना आत भरपूर कापड राखायचं, वाढवायचं, आणि वर त्यांचेच टोमणे गिळायचे… हाच तिचा संसार!

पुढे एक दिवस मास्तर चालता चालता पँट वर ओढताना दिसले, आणि तिच्या छातीत धस्स झालं. आता विचारतील, एवढी मोठी पँट आली कुठून? तिने घाईघाईने कंबर आत घेतली. काही दिवसांनी पुन्हा घेतली, मग आणखी एकदा. शेजारी म्हणत, "मास्तर, तरुण दिसायला लागलात हो!" तीही वेडी मनातून सुखावली.

"इतकं वजन उतरलं, कपडे सैल झाले नाहीत?" रिपोर्ट बाजूला ठेवत डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! लग्नापासून एकच माप!" मास्तर छाती काढून म्हणाले.

"वजन उतरायला लागलं तेव्हाच आला असतात तर… आता फार उशीर झालाय."

"मीच!" शेजारी बसलेल्या तिने हंबरडा फोडला. "मीच आत घेत होते हो! या हातांनी तुमचा आजार झाकला मी!"

घरी येताच मास्तरांनी खुंटीवरची पँट ओढली. पँट उलटी करून ते सुईच्या जुन्या भोकांवरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे मी… जाडा झालो होतो?"

"चांगलेच!"

ते हसले, आणि हसता हसताच त्यांना रडू कोसळलं. "आणि मी चारचौघांत तुझीच थट्टा करत राहिलो! एकदा तरी तोंड उघडायचंस गं…"

"तुमचं पडलेलं तोंड बघवत नव्हतं मला! आणि त्यापायी… काय करून बसले मी!"

"पुरे आता." त्यांनी डोळे पुसले. "अंगावरची हीसुद्धा सैल झालीय. आत घे. पण चोरून नको… माप घे माझं."

कवायतीत उभं राहावं तसे ते हात पसरून ताठ उभे राहिले. तिने त्यांच्या कंबरेभोवती टेप गुंडाळली. आकडे आसवांत विरघळत होते.

"किती?"

"लग्नातलंच आहे…" ती कशीबशी म्हणाली.

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते खरं होतं.